एन. गोंडा

हरिपूरच्या पेवांत उतरून हळद काढणारा
नेमगोंडा अण्णा चौगुले
चौपन्न साली बोटीवर चढला,
तेव्हा माझ्या बापाकडून अकरा रुपये उसने घेऊन गेला.
कोटासाठी.
कोट तिकडच्या थंडीला पुरला नाही, असं पहिल्या पत्रात होतं.
दुसऱ्या पत्रात सिनेमा.
तिसरं पत्र आलं नाही.

नाव लांब पडतं म्हणून तिकडच्यांनी ते मधोमध कापलं.
पाट्यांवर, पार शेवटी, लोक उठून चपला शोधतात तेव्हा:
एन. गोंडा.
उभ्या जन्मात ज्यानं कुणापुढं गोंडा घोळला नाही
त्याच्या डोक्यावर गोंड्याचीच टोपी आली,
कधी तुर्की, कधी कुठली.

दार उघडायचं. दार लावायचं.
साहेब घोड्यावर बसेपर्यंत लगाम धरायचा.
एकदा राजाच्या आधी दूध पिऊन बघायचं होतं.
पेला खाली पडला, तोही पडला.
आई घरी येऊन म्हणाली,
सुतक आपल्याला नाही,
तरी अंघोळ करून घ्या सगळ्यांनी.
पुढच्या वर्षी तो पुन्हा जिवंत,
हातात चहाचा ट्रे.

रविवारी सकाळी सांगलीत इंग्रजी खेळ लागायचा.
बाप तोलाईच्या काट्यावरनं तसाच यायचा,
सदरा पिवळा, कान पिवळे,
शेजारचा माणूस शिंकून शिंकून जागा बदलायचा.
मधोमध कोण कुणाला मिठी मारतंय
ते आम्ही पोरांनी बघायचं.
बाप पडद्याच्या कडा बघायचा.
खांबाआड. उंटामागं.

त्या सिनेमात वाळवंट होतं,
नेमगोंडा हमाल, कंदील धरून.
साहेबानं त्याला काहीतरी विचारलं.
आता वाटतं, डायरेक्टर म्हणाला असेल,
बोल तुझ्या भाषेत काहीही,
इथं कुणाला कळतंय.
नेमगोंडानं कंदील वर केला,
थेट आमच्या रांगेकडं बघितलं:
“तातोबा, तुझं अकरा रुपयं ध्यानात हायत रं माज्या.”

साहेब पांढराफटक.
दुभाष्यानं त्याला इंग्रजीत समजावलं,
ते इंग्रजी भाटे मास्तरांनी सवयीनं आम्हाला मराठीत सांगितलं:
हा म्हणतोय, पुढं जाऊ नका, पुढं मरण आहे.

बाप उभा राहिला.
मागनं लोक ओरडले, बसा की पाव्हणं.
बसला नाही.
दोन्ही हातांचा कर्णा करून म्हणाला,
“पोचलं, नेम्या! पोचलं!”
तोवर पडद्यावर गोळ्या सुटल्या होत्या
आणि नेमगोंडा उंटाआड गेला होता.
मेला का वाचला,
मास्तरांनाही सांगता आलं नाही.

बापाची वही माझ्याकडं आहे.
चौगुले नेमगोंडा, अकरा,
त्यावर एक आडवी रेघ, जरा थरथरलेली.
खाली, तोलाईचा माणूस तो,
वेगळी नोंद:
तिकीट दहा आणे. हे माझे.