उघाडी

गुडघ्यामागच्या खळगीत
सुपारीएवढं काहीतरी आलं
आणि मी कोणाला बोललो नाही.
पाय ताणला की टणक,
उकिडवा बसलो की लोण्यासारखं मऊ.
कामात असलो की नाही, उभा राहिलो की आहे.
लबाड माणसासारखं.

ताराबायला ते अंघोळीच्या पाण्याशी दिसलं.
ती 'गाठ' म्हणाली
आणि पुढे दोन दिवस घरात
जाळ्याच्या गाठीलाही कोणी गाठ म्हणेना.
पोशा म्हणाला, बिब्बा लाव.
त्याच्या मेव्हण्याने म्हणे मनगटावरची
जाड पोथी आपटून फोडली होती.
पोथी आमच्याकडेही आहे.
ती पायाला लावायला ताराबायचा जीव होईना.

अलिबागला दुसरा मजला, लिफ्ट नाही.
(गुडघे बघणाऱ्यांना जिना का आवडतो कोण जाणे.)
डॉक्टर फरहीन मुकादम, वयाने माझ्या धाकटीएवढी.
पालथं झोपवलं, थंडगार जेली लावली,
पडदा माझ्याकडे वळवला.
"काळं दिसतंय ना, ते पाणी."
म्हटलं, आमच्याकडे उलटं.
रात्री बांधावरून पांढरं दिसतं ते पाणी,
काळी दिसते ती जमीन.
हसली. मग बोट ठेवलं
दोन स्नायूंमधून आत गेलेल्या बारीक मानेवर:
"इथून सांध्यातलं पाणी बाहेर येतं,
परत जात नाही. एकाच बाजूला उघडणारं दार आहे."

एकतीस वर्षं मी दुसरं काय राखलं?
शिलोत्राची उघाडी. सागाची फळी, वर बिजागरी.
ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून निघतं,
भरतीला खाडीच तिला दाबून धरते.
कडी नाही, कुलूप नाही,
पाण्यानेच पाण्याला लावलेलं दार.
आणि तेच पायात घेऊन मी हिंडत होतो,
बिजागरी एकदाही कुरकुरली नाही.

काढून टाका पाणी, म्हटलं.
काढलं. मधासारखं पिवळं, चिकट, सिरिंजभर.
गौरी-गणपती जाईस्तोवर परत भरलं.
"भरणारच," ती म्हणाली,
"आतली गादी फाटलीय, सांधा चिडलाय,
तो पाणी सोडतो. पिशवीचा काय दोष?"
हे मला नव्याने कळायला नको होतं.
शेत उपसून खांड बुजत नाही.
खेकड्याचं बीळ शोधावं लागतं,
चिखलात उकिडवं बसून
पेंढा-माती ठासावी लागते आत.
ज्या बैठकीने गादी फाटली
तीच बैठक.

बाहेरकाठा आणि माझा पाय
एकाच उधाणाच्या रात्री फुटले असते
तर सांगायला बरं होतं.
तसं झालं नाही. काठा टिकला.
पिशवी फुटली भांगाच्या एका मंगळवारी,
पोयनाड नाक्यावर, विक्रममधून उतरताना,
हातात कोंबड्यांच्या खाद्याची थैली.
पोटरीत कोणी ऊन पाणी ओतल्यासारखं झालं
आणि दुसऱ्या दिवशी घोट्याशी निळी चंद्रकोर.
डॉक्टरने आधी रक्त गोठलंय का ते पाहिलं.
नाही, हे दिसल्यावर तीच मागे टेकली.
"नुसतं पाणी. अंग पिऊन टाकेल."
खारं असेल, मी म्हटलं.
हे तिने कागदावर घेतलं नाही.

आता खळगी रिकामी.
पहाटे ओहोटीला फळीखाली हात घालून बघतो
काही अडकलंय का.
बाटली, तिवराची फांदी,
एकदा तर जिवंत निवटी.
तोच ओला हात मग गुडघ्यामागे जातो,
दोन बोटं, दाबून.
उकिडवं बसल्यावर कळत नाही,
हे मला माहीत आहे.
बसूनच बघतो.