तेलकट पान

मी पेपर मागून वाचतो.
आधी निधनवार्ता, मग पाणी कुठे येणार नाही ते,
पहिलं पान शेवटी, तेही उभ्या उभ्या.
एकवीस वर्षं मुद्रितं तपासतोय, सवय.

कालिन्याच्या चर्चपाशी सांतान
कटलेट-पाव विकतो. कॉलेजची पोरं बर्गर म्हणतात.
तो म्हणतो, म्हणा की, दर तोच आहे.
बिटाचं कटलेट, कच्चा कांदा,
चटणी अशी की कानशिलं तापतात.

काल त्यानं मंगळवारच्या पानात बांधून दिलं.
तेल झिरपलं, कागद काचेसारखा झाला:
अलीकडे दुःखद निधन, पलीकडे मिक्सरवर सूट,
दोन्ही एकमेकांतून वाचता येत होतं.

कै. सुलभा टिपणिस.
पहिली वेलांटी.
त्या रात्री पाळी माझीच होती.

खिशातलं लाल पेन काढलं,
ओल्या कागदावर शाई धरेना.
मग नखानंच दुसरी ओढली,
पाव संपवला, बोटं चाटली
आणि पान चुरगळायच्या ऐवजी
घडी घालून खिशात.

सांतान म्हणाला,
पुढच्या महिन्यापासून कोरा कागद हां, साहेब,
म्युनिसिपालटीची माणसं येऊन गेली.

मी म्हटलं, मग वाचायचं काय?

तो म्हणाला, खा.