अकरा ताडपत्र्या

संध्याकाळी सहाला एकेकाला सोडत गेले
बीचच्या जंगलात, एकमेकांच्या हाकेबाहेर.
प्रत्येकाजवळ एक ताडपत्री, चार दोऱ्या, एक सफरचंद
आणि एक शिट्टी, अगदीच राहवलं नाही तर.
बारा वर्षांची मुलं, माटाउराच्या शाळेतली.
माहितीपत्रकात छापलंय,
एक रात्र एकट्यानं काढली की मूल कणखर होतं.
ते वाक्य माझं नाही.
प्रती मात्र मीच वाटते.

त्यांना सांगत नाही ते हे,
की मी रात्रभर फिरत असते.
टॉर्च विझवून, ओल्या शेवाळावरून.
डावा गुडघा कुरकुरतो हल्ली,
तोच एखाद दिवशी मला पकडून देईल.
दहा पावलांवर थांबते,
आतला श्वास ऐकू आला की पुढे जाते.

ब्रायनी, फुटबॉलची कप्तान,
नऊ वाजता हमसून हमसून रडत होती.
मी पुढे होणार, तेवढ्यात एक वेका आला,
कोंबडीएवढा, उडता न येणारा, हाताचा मात्र चलाख,
आणि तिचा मोजा घेऊन पळाला.
"अरे चोरट्या!"
एका पायात बूट, एक पाय अनवाणी,
पंधरा मिनिटं तिनं अंधाराला शिव्या दिल्या.
मग सफरचंद खाल्लं. देठासकट.

फर्गसची शिट्टी अकराला वाजली.
शेकोटीजवळ नेलं, कोको दिला.
मान वर करेना.
म्हटलं, बाबा रे,
शिट्टी वाजवायलाही छातीत हवा लागते.
त्याला पटलं नाही.
मला तरी त्याच्या वयात कुठे पटलं असतं.

आणि होहेपा.
शाळेनं पाठवलेल्या तक्त्यात त्याच्या नावापुढे:
वर्गात झोपतो. चिकाटी कमी. पाचपैकी दोन.
सोडायला गेले तेव्हा त्यानं विचारलं,
"सकाळी मला कोण उठवणार?"
कुणी नाही.
"आणि मी कुणाला उठवायचं?"
कुणालाच नाही, म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
खिशात चुकून जास्तीचे पैसे निघावेत तसा.

मग दोऱ्या बांधता बांधता, न विचारता, बोलला:
आई मटणाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
धाकटे तिघं.
सगळ्यात लहानगीला पहाटे चारला दूध लागतं,
पाजलं की ती दंडावरच झोपते,
मग हात हलवता येत नाही.
गाठी अशा मारल्या होत्या त्यानं
की मीच दोनदा वाकून पाहिल्या.

दोनला पाऊस आला. वारा तळ्यावरून.
सात ताडपत्र्या फडफडल्या, एक उडाली,
कुणीतरी देवाचं नाव घेतलं, कुणीतरी आईचं.
होहेपाच्या ताडपत्रीवरून पाणी सरळ ओघळत होतं.
आत तो उताणा, तोंड उघडं,
हात दोन्हीकडे ऐसपैस पसरलेले.
चार वाजले तेव्हा मी तिथेच होते.
त्याची बोटं जराशी हलली.
तेवढंच.

आठला सगळे परतले, चिखलानं माखलेले,
एकाच वेळी बोलत.
दहाच जण.
मी ओठांवर बोट ठेवलं.
भांडी न वाजवता त्यांनी लापशी खाल्ली,
ब्रायनीनं एका वाडग्यावर झाकण घातलं,
कुणी सांगितलं नव्हतं.

साडेदहाला तो आला.
गालावर मुळाचा वळ उमटलेला.
"माझं काही चुकलं का?"
लापशीवर साय धरली होती,
ती त्यानं आधी खाल्ली.

तक्ता गुडघ्यावर घेऊन बसले आहे.
कार्यक्रमापूर्वी: दोन.
कार्यक्रमानंतर:
पेनाची शाई ओलीत फुटते आहे.
रकाना सोडून, समासात लिहिलं,
झोपला.