खिजगणती

सकाळी साडेसहाला सेनायानच्या कोपऱ्यावर
मी एक बोट वर करून उभी राहते.
एक बोट म्हणजे एक माणूस.
गाडी हळू झाली की जरा वळते,
झोळीतला गिलांग दिसू देते
आणि दुसरं बोट उघडते.

नियम असा :
सात ते दहा या रस्त्यावर
गाडीत तीन डोकी हवीत.
कमी भरली तर दंड.
जकार्तातल्या साहेबांकडे गाड्या आहेत,
डोकी नाहीत.
डोकी आमच्याकडे.
एका खोलीत सहा,
दीर तर पाय दाराबाहेर काढून झोपतो.

माझे वीस हजार रुपिया, बाळाचे दहा.
नियमात तो अख्खा माणूस,
भावात अर्धा.

त्या दिवशीची गाडी काळी होती,
आत लिंबाचा वास आणि थंडी.
साहेब म्हणाला, मागे बस, टेकू नकोस.
मग फोनवर कुणालातरी म्हणाला,
बोल ना,
गाडीत मी एकटाच आहे.

मी टेकले नाही.
गिलांग रात्रभर दातांनी रडलेला,
आत्ता कुठे डोळा लागला होता.
आरशातून फक्त माझा खांदा दिसत असणार
आणि झोळीची निळी गाठ.

पुलाखाली शिट्टी वाजली.
काच खाली गेली, ऊन आत आलं.
पोलीस वाकला, मोजू लागला :
एक. दोन.
साहेब म्हणाला, तीन. नीट मोजा.
ते तर बोचकं आहे, पोलीस म्हणाला.

रडव त्याला, साहेब पुटपुटला
ओठ न हलवता.

चिमटा काढायला दोन बोटं पुरतात.
सकाळी वर केली होती तीच दोन.
मी ती झोळीत घातली,
मांडी सापडली, मऊ, घामेजलेली,
आणि बोटं तिथंच राहिली.

मग मी फडकं बाजूला केलं.
बघा, म्हटलं, झोपलाय.

कोण हे तुमचे? पोलिसानं साहेबाला विचारलं.
बायको आणि मुलगा.
मुलाचं नाव?

साहेब पहिल्यांदा मागे वळला.
त्याच्या कपाळावर एक जुना व्रण होता,
लहानपणी कुठंतरी पडला असेल.
बुदी, तो म्हणाला.
पहिलीच्या धड्यात असतं, ते नाव.

पोलीस माझ्याकडे बघू लागला.
तीस हजार. त्यात दूध आणि केरोसिन,
उरले तर अंडी.
बुदी, मी म्हणाले.

ह्याच पोलिसानं गेल्या महिन्यात
आम्हा जॉकी बायकांना ट्रकात कोंबलं होतं,
आणि गिलांगला उचकी लागली तेव्हा
आपल्या बाटलीच्या झाकणातून पाणी पाजलं होतं.
नाव विचारून.
गिलांग, गिलांग करत.

तो काही बोलला नाही.
खिशातून पेन काढलं, झटकलं,
पावती फाडली.
साहेबानं दंड भरायचा तो भरेल,
माझ्यासाठी मात्र दार उघडलं
आणि एक शब्द : उतर.
तीस हजारांचं विचारायला
तोंड उघडेपर्यंत काच वर गेली होती.

परत येताना कोपाजात चढले.
दारातला पोऱ्या नाण्यानं दांडी वाजवत होता.
कितीजण? त्यानं विचारलं,
मी दोन बोटं वर केली, सवयीनं.
तो हसला.
एकच द्या हो ताई,
बाळ मोजत नाही आम्ही.

घाम, तेलकट शिटं, कुणाचीतरी कोंबडी पिशवीत.
मी टेकून बसले.
त्याच्या कानाशी तोंड नेऊन
त्याचं नाव म्हटलं. परत म्हटलं.
तो जागा झाला नाही,
फक्त माझं एक बोट पकडलं झोपेतच,
आणि थांबा आला तरी सोडेना.