पहाटेचे चार, कालामा

सकाळी आठला एलिसेओ तांब्याच्या खाणीतून घरी येतो,
तोवर खिडकीला मी चंदेरी कागद चिकटवलेला असतो.
भट्टीत मासळी झाकतात ना, तोच.
तरी वाळवंटाचं ऊन सुईएवढी वाट काढतं
आणि नेमकं त्याच्या पापणीवर येऊन बसतं.

दारावरची घंटा काढून टाकली.
कुत्रा बहिणीला दिला.
नायारेत चालायला शिकली
ती थेट चवड्यांवर.

दवाखान्यातली बाई म्हणाली, रक्तदाब. म्हणाली, साखर.
झोपेचं विचारलं तेव्हा तो हसला
आणि माझ्याकडे बघितलं,
जणू ती मीच कुठेतरी ठेवून विसरलेय.

काल त्यानं कॉफीत मीठ घातलं,
ढवळलं, पिऊन टाकली.
मग हवामान सांगावं तसं म्हणाला:
भरलेला ट्रक, उतार, पहाटेचे चार.
डोळे उघडे होते गं,
रस्ताच नव्हता.

किती वेळ?

त्यानं तीन बोटं वर केली.
चौथं अर्धवट उचललं, मिटलं.

आता तो रात्री गेला की
मी त्याच्या बाजूला झोपते, त्या खळग्यात.
कागद काढत नाही.
चारला डोळे आपोआप उघडतात.
एक, दोन, तीन.
पुढचा आकडा मी म्हणत नाही.