सत्तर टक्के

पहाटे साडेपाचला पंपावर माझी पाळी लागते.
सेर्ताओझिन्योच्या वेशीवर कारखान्याच्या मळीचा वास
माझ्या डगल्यात माझ्याआधी शिरलेला असतो.
एका नळीत पेट्रोल, दुसरीत ऊस.
गिऱ्हाईक काच खाली करून विचारतं,
आज काय परवडतं, झुलेइका?
आणि मी भागाकार करते.
उसाचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असला
तर ऊस भरायचा, वर गेला तर पेट्रोल.
शाळेतलं बाकी सगळं विसरले, एवढं एक गणित राहिलं.

आज पेट्रोल सहा रिआल, ऊस चार वीस.
बरोब्बर सत्तर.
म्हणजे आज गणितानंच हात वर केले.
एका टॅक्सीवाल्याला म्हटलं, मनाला येईल ते भर बाबा.
तो चिडला.
मनाला काय येतं हे त्याला कुणी विचारलं नसावं कधी.

सातला बाप येतो.
त्याची गाडी माझ्याहून दोन वर्षांनी थोरली,
निव्वळ अल्कोहोलवर चालणारी.
तिला भावाशी देणंघेणं नाही.
जूनच्या गारठ्यात मात्र उठत नाही लवकर;
बॉनेटखालच्या छोट्या टाकीतून घोटभर पेट्रोल पाजावं लागतं,
मग खोकते, अडखळते,
आणि सगळ्या गल्लीला कळतं, ओरोझिंबो निघाला.

त्यानं स्वतः एकोणीस वर्षांत थेंब घेतलेला नाही.
"मी सोडली, हिची सुटत नाही," म्हणतो,
आणि मी नळी लावली की
रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहतो, पाठ करून.

त्याच्या काळी फड आधी पेटवायचे.
रात्री आग, पहाटे कोयता.
पाचटाची राख वळवळत गावावर उतरायची,
दोरीवरच्या चादरींवर बसायची.
आई ती झटकायची नाही, फुंकायची.
झटकली की फासते.
बाप घरी आला की ओळखू यायचा दातांवरून.
मोजणी मीटरवर, पैसे टनावर,
मधला हिशेब मुकादमाच्या वहीत;
त्या भागाकारात आम्ही नेहमी बाकीत.
त्या माणसांना इथे नावच पडलं होतं, गार जेवणवाले.
पहाटे तीनला भरलेला भात
दहाला फडात उघडायचा,
खाली जमीन अजून धुमसतेय आणि डब्यात भात गार.

आता यंत्रं कापतात. रात्रीसुद्धा, दिवे लावून.
आग नाही, चादरी पांढऱ्या.
वाईट झालं असं मी म्हणणार नाही.
बापही म्हणत नाही. फक्त यंत्र दिसलं की
गाडीचा वेग कमी करतो
आणि ते किती बुडखा सोडतंय ते बघतो.

आज टाकी भरून नळी काढली तर तो मागेच उभा.
कधी आला कळलं नाही.
डावा हात पुढे केला, कोयत्याची खूण असलेला.
मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.
"वास नाही घेत. नुसतं टाक."
नळीच्या ओठाशी अडकलेले दोन-तीन थेंब
मी त्या तळव्यावर झटकले.

ते पसरले, भेगांत शिरले,
आणि बघता बघता उडाले.

"गार लागतं गं," तो म्हणाला.
थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "गार."
मग हात पँटला पुसला, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी,
आणि छोट्या टाकीचं झाकण
घट्ट आहे का बघायला वाकला.