तुडुम

पाच वर्षं मी बेटांचा उपराज्यपाल होतो.
गावात अजून लाटसाहेब म्हणतात.
पोरं पाठीमागून नुसतं ‘समुद्र’ म्हणतात, मला ठाऊक आहे.

भिंतीवर नकाशा, निरोपाच्या दिवशी मिळालेला:
निळ्या कागदावर सांडलेली मोहरी.
त्यातल्या एकेका दाण्यावर मी ध्वज फडकावला,
एकेका दाण्यावर ऐक्याविषयी बोललो.
भाषण एकच होतं. बेटाचं नाव तेवढं
शाखा अधिकारी पेन्सिलीने बदलून देई.
एकदा तो विसरला.
दक्षिणेच्या लोकांना मी उत्तरेच्या नावाने शाबासकी दिली,
तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.
जहाज अकरा दिवसांनी लागलं होतं,
त्यात कांदे होते आणि मी होतो.
टाळ्या कांद्यांना होत्या
हे परतताना कळलं.

प्रगतीचे आकडे आजही तोंडपाठ आहेत.
धक्के सात, मनोरे एकोणीस, धावपट्टी एक.
जिथे धावपट्टी तिथेच आधी डॉक्टर,
तिथेच आधी वीज.
जवळून वाटत जावं, हे कोणी शिकवलं नव्हतं.
ते आपोआप येतं,
उताराला पाणी लागतं तसं.

आता भादवा सरत आलाय. धान गर्भात आहे.
वीस दिवस आभाळ कोरं,
मामा तलावात पाणी छातीइतकं,
आणि वरची टोली खालच्या टोलीशी बोलत नाही.
समाजमंदिरात सतरंजी पडली. मला मधली खुर्ची.
“तुमी बोला साहेब, तुमी तं समुद्र सांभारला.”
उठलो. घसा साफ केला.
‘ऐक्य’ हा शब्द जिभेवर आला
आणि खारट लागला.
बसलो.

कोपऱ्यात डोमा वलथरे बिडी विझवत होता.
मासे धरणारा, सहीला अजून अंगठा,
तुडुमाची खुंटी मात्र त्याच्या बापापासून त्याच्याच हाती.
म्हणाला, “शेपटाकडून सुरू करतो.
डोक्याकडचे वाट पायतीन.”
लांजेवारांचा तुकडू उसळला,
“माही बांधी तलावाले लागून, अना मी वाट पाहू?”
“तुही तं पाझरानंच अर्धी ओली रायते गा.”
सगळे हसले. तुकडू हसला नाही,
पण बसला.
ठराव झाला नाही. इतिवृत्त कोणी लिहिलं नाही.

रात्री बॅटरी घेऊन पाळीवर गेलो.
डोमाने बुडी मारली.
बराच वेळ फक्त पाणी.
वर आला तेव्हा हातात खुंटी होती,
आणि खाली नहर घशातल्या घशात बोलू लागला.
पाणी वरच्या बांध्यांना न शिवता पुढे चाललं.
दर धुऱ्यावर कोणी ना कोणी उभं, फावडं घेऊन,
आपल्याच बांधीचं तोंड बुजवून धरायला.
तुकडूसुद्धा. शिव्या देत, पण उभा.
मोबाईलचे दिवे दूर दूर, मध्ये सगळं काळं.

हे मी पाहिलं होतं.
विमान उतरताना, खिडकीतून, बेटांचे दिवे.
किती सुंदर, असं शेजाऱ्याला म्हणालो होतो.
कोणता दिवा कोणासाठी जागा आहे
ते विचारलं नव्हतं.

डोमा काठावर आला, दात वाजत होते.
“साहेब, तिकडं पान्याची पाळी कोन लावत होता?”
सांगणार होतो, तिकडे चहूकडे पाणीच रे,
पाळी कशाची.
मग ती बाई आठवली, शेवटच्या बेटावरची,
जहाजातल्या गोड्या पाण्यासाठी
रिकामा डबा घेऊन धक्क्यावर
माझ्या भाषणभर उभी असलेली.

“मीच,” म्हणालो.

डोमा काही बोलला नाही.
ओली खुंटी माझ्या हातात दिली,
“धरा जरा,”
त्याला बिडी पेटवायची होती.